फॅक्टोरियल गुणायचं नसतं, काटायचं असतं

५! म्हणजे ५ × ४ × ३ × २ × १, म्हणजेच १२०. एखाद्या पूर्णांकापासून खाली १ पर्यंत येत सगळ्यांचा गुणाकार करायचा, की झालं त्या संख्येचं फॅक्टोरियल. पुस्तकी नाव क्रमगुणित. उद्गारचिन्हाची खूण फ्रेंच गणिती क्रिस्तियाँ क्राम्प यांनी १८०८ मध्ये वापरात आणली. व्याख्या इथे संपली, आणि ती कुणाला कळत नाही असं होत नाही. घोळ होतो तो पुढे. १२!/(७! × ५!) असं काही समोर आलं की पोरं १२! पूर्ण गुणून ४७,९०,०१,६०० काढतात, मग ७! काढतात, मग ५!, आणि शेवटी एक लांबलचक भागाकार करताना एखादं शून्य सांडतात. फॅक्टोरियल हे बहुतेक वेळा उत्तर नसतंच. ते हिशोब मांडण्याची सोय आहे, आणि मांडलेल्यातलं बरंचसं वर-खाली काटलं जावं म्हणूनच ते तसं मांडतात.

आधी ते मोजतं काय ते पाहू. पाच माणसं एका ओळीत बसवायची. पहिल्या जागेसाठी पाच पर्याय, एक बसला की दुसऱ्या जागेसाठी चार उरले, मग तीन, दोन, एक. प्रत्येक पर्यायाला पुढचे सगळे पर्याय जोडून येतात म्हणून गुणाकार. वस्तूंची संख्या न धरली तर त्यांचे ओळीतले क्रम न! इतके.

आता कबड्डी घ्या. संघात १२ खेळाडू, मैदानात उतरणार ७. एकेक नाव पुकारत गेलो तर पहिल्यासाठी १२ पर्याय, मग ११, असं करत सातव्यासाठी ६. हा गुणाकार १२ × ११ × १० × ९ × ८ × ७ × ६. तो आखूड लिहायचा तर १२!/५!, कारण ५ पासून खालचं सगळं छेदाने कापलं गेलं. पण नावं कोणत्या क्रमाने पुकारली याला इथे महत्त्व नाही. तेच सात जण ७! वेगवेगळ्या क्रमांनी पुकारता येतात आणि आपण प्रत्येक क्रम वेगळा संघ धरला. म्हणून ७! ने भागायचं. झालं १२!/(७! × ५!).

हे सोडवताना मोठं फॅक्टोरियल छेदातल्या मोठ्याशी आधी काटा. १२! मधलं ७! गेलं, वर उरलं १२ × ११ × १० × ९ × ८ = ९५,०४०, खाली १२०. उत्तर ७९२. ५! शी काटलं तरी उत्तर तेच, पण वर सात संख्या राहतात आणि काम वाढतं.

याहून सुटसुटीत पद्धत म्हणजे गुणा, भागा, गुणा, भागा. ८ ला १ ने भाग: ८. गुणिले ९ भागिले २: ३६. गुणिले १० भागिले ३: १२०. गुणिले ११ भागिले ४: ३३०. गुणिले १२ भागिले ५: ७९२. मध्ये कुठेही अपूर्णांक येत नाही, कारण लागोपाठच्या र पूर्णांकांच्या गुणाकाराला र! ने नेहमीच पूर्ण भाग जातो. अट एकच, आधी गुणायचं आणि मग भागायचं. प्रोग्रॅममध्ये आधी ९/२ केलं तर पूर्णांकी भागाकार ४ देऊन मोकळा होतो, आणि पुढचं सगळं उत्तर चुकतं.

०! = १ का, हा प्रश्न दरवर्षी येतो. बाराच्या बारा खेळाडूंमधून बारा निवडायचे तर पद्धत एकच. सूत्र सांगतं १२!/(१२! × ०!). हे १ यायचं असेल तर ०! ला १ असण्यावाचून गत्यंतर नाही. दुसऱ्या बाजूने, ४! = २४; त्याला ४ ने भागलं की ३! = ६, त्याला ३ ने भागलं की २! = २, २ ने भागलं की १! = १, आणि १ ने भागलं की ०! = १. आणखी एक पायरी उतरायला गेलात तर ० ने भागायची वेळ येते, म्हणून ऋण पूर्णांकांना फॅक्टोरियल नाही.

चिन्हाच्या चुका ठरलेल्या आहेत. ६!/३! म्हणजे २! नव्हे, ते १२० आहे. (२ + ३)! आणि २! + ३! यांचा काही संबंध नाही. एक १२०, दुसरं ८. −३! म्हणजे −६, कारण फॅक्टोरियल आधी आणि ऋण चिन्ह नंतर. आणि ३!! म्हणजे (३!)! नव्हे. दोन उद्गारचिन्हं लागून आली की एक सोडून एक गुणायचं: ५!! = ५ × ३ × १ = १५. (३!)! मात्र ७२०. कंसाचा कंटाळा इथे महागात पडतो.

चिन्ह १८०८ चं असलं तरी हिशोब आपल्याकडे फार जुना आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० च्या सुमारास, शेवटी अंकपाश नावाचं प्रकरण येतं. त्यात नियम दिलाय की जितकी स्थानं तितक्यापर्यंत १ पासूनच्या अंकांचा गुणाकार केला की रचनांचे भेद मिळतात. उदाहरणही झकास आहे. शंकराच्या दहा हातांत पाश, अंकुश, सर्प, डमरू, कपाल, त्रिशूळ, खट्वांग, शक्ती, बाण आणि धनुष्य. ही आयुधं हातांत आलटून पालटून दिली तर मूर्तीचे किती प्रकार होतील? आणि गदा, चक्र, कमळ, शंख घेतलेल्या चतुर्भुज हरीचे किती? उत्तरं १०! = ३६,२८,८०० आणि ४! = २४.

भास्कराचार्य तिथे थांबत नाहीत. पुढचा प्रश्न असा की दिलेल्या अंकांच्या सगळ्या रचनांनी ज्या संख्या होतात, त्यांची बेरीज किती? ३, ९ आणि ८ घ्या. सहा संख्या होतात. त्या मांडून बेरीज करता येईल, पण नियम असा: रचनांच्या संख्येला अंकांच्या बेरजेने गुणा, अंक किती आहेत त्याने भागा, आणि जे येईल ते एकेक स्थान सरकवत तितक्या वेळा मांडून मिळवा. ६ × २० / ३ = ४०. मग ४० + ४०० + ४००० = ४४४०. हे का चालतं? एककाच्या जागी ३ पक्का केला तर उरलेले दोन अंक २! प्रकारे बसतात. म्हणजे प्रत्येक अंक प्रत्येक स्थानी दोनदा येतो. एककस्थानची एकूण बेरीज (३ + ९ + ८) × २ = ४०, दशकस्थानची तेवढीच, शतकस्थानची तेवढीच. न!/न = (न−१)! हीच ती काटाकाट, आठ-नऊ शतकांपूर्वीची. २ ते ९ या आठ अंकांसाठी त्याच नियमाने ४०,३२० संख्या होतात आणि त्यांची बेरीज २४६३९९९९७५३६० येते. एवढ्या संख्या मांडून बेरीज करायला कोण बसणार होतं?

चाळीसगावजवळच्या पाटणला जो शिलालेख आहे, त्यात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याची नोंद आहे. त्या मठात हे प्रकरण शिकवलं गेलं असेलच. आज ते अकरावीच्या पोरांना परदेशी सूत्र म्हणून भेटतं, हे जरा खटकतं.

अंकपाशातच पुनरावृत्तीचाही नियम आहे. २, २, १, १ या अंकांच्या संख्या किती? ४! नव्हे, कारण दोन २ ची आपसात अदलाबदल केली तर संख्या बदलत नाही. म्हणून ४!/(२! × २!) = ६, आणि त्यांची बेरीज ९९९९. इंग्रजी पुस्तकांत याच्या उदाहरणासाठी लांबलचक शब्द देतात. मराठीत करमरकर हे आडनाव पुरेसं आहे. सहा अक्षरं, त्यात र तीनदा, क दोनदा, म एकदा. ६!/(३! × २!) = ७२०/१२ = ६०. इथली नेहमीची चूक म्हणजे छेदात ३! × २! ऐवजी ३ × २ लिहिणं किंवा ३! + २! करणं. दुसरी अडचण खास देवनागरीची. अमरावतीच्या अक्षरांच्या किती रचना, असं विचारलं तर काना आणि वेलांटी सुटी मोजायची का? सुटी मोजलीत तर मात्रा शब्दाच्या सुरुवातीला येऊन बसेल आणि ते वाचताच येणार नाही. म्हणून अ, म, रा, व, ती असे पाच घटक धरायचे आणि ५! = १२० म्हणायचं. काय मोजतोय हे आधी ठरवलं नाही तर सूत्र बरोबर असूनही उत्तर चुकतं.

परीक्षेत सगळ्यात जास्त मार्क जातात ते ‘एकत्र’ आणि ‘शेजारी’ या शब्दांवर. फळीवर सात वेगवेगळी पुस्तकं लावायची, त्यातली तीन गणिताची.

तिन्ही गणिताची एकत्र हवीत: तिघांचा एक गठ्ठा धरा. गठ्ठा आणि चार पुस्तकं मिळून पाच वस्तू, ५! क्रम. गठ्ठ्याच्या आत ३! क्रम. १२० × ६ = ७२०. आतलं ३! विसरणं ही नेहमीची चूक.

तिन्ही एकत्र नकोत: ७! − ७२० = ५०४० − ७२० = ४३२०. यात दोन शेजारी आणि तिसरं लांब, हे चालतं.

गणिताची कोणतीही दोन शेजारी नकोत: हा प्रश्न वेगळा आहे, आणि इथे वजाबाकी करून भागत नाही. आधी उरलेली चार पुस्तकं लावा, ४! = २४. त्यांच्यामधल्या आणि दोन्ही टोकांच्या मिळून पाच फटी होतात. त्यातल्या तीन फटींत तीन पुस्तकं, ५ × ४ × ३ = ६०. एकूण १४४०. ४३२० आणि १४४० मधला फरक निव्वळ वाक्य नीट वाचण्याचा आहे.

गोल टेबलाचं मात्र पटकन सांगून टाकतो. सहा जण गोल बसले आणि सगळे एकेक खुर्ची सरकले तर रचना तीच, म्हणून ६!/६ = ५! = १२०. सहा वेगवेगळ्या फुलांचा हार उलटूनही धरता येतो, म्हणून त्याच्याही निम्मं, ६०. खुर्च्यांना नंबर दिले असतील तर मात्र पुन्हा ६!.

हे आकडे वाढतात कसे याचा एक प्रत्यक्ष मोजलेला नमुना इंग्लंडात आहे. तिथे चर्चच्या घंटा एका विशिष्ट पद्धतीने वाजवतात, दर फेरीत क्रम बदलायचा आणि एकही क्रम दुसऱ्यांदा येऊ द्यायचा नाही. १९६३ च्या जुलैमध्ये लफबरोला आठ जणांनी आठ घंटांचे सगळेच्या सगळे ४०,३२० क्रम सलग वाजवले. १७ तास ५८ मिनिटं लागली, म्हणजे एका क्रमाला सुमारे १.६ सेकंद. त्याच गतीने नऊ घंटांना जवळजवळ सात दिवस लागतील आणि बारा घंटांना २४ वर्षं.

आता शून्यं. १००! च्या शेवटी किती शून्यं? यासाठी १००! काढायचं नाही. शेवटचं प्रत्येक शून्य २ आणि ५ च्या जोडीतून येतं. २ भरपूर असतात, तेव्हा ५ मोजा. १०० पर्यंत ५ च्या पटी २०. पण २५, ५०, ७५ आणि १०० यांच्यात ५ दोनदा आहे, ते आणखी ४. एकूण २४. दुसरी पायरी विसरून २० लिहिणारे पुष्कळ. १०००! साठी २०० + ४० + ८ + १ = २४९. कोणत्याही मूळ संख्येसाठी असंच मोजता येतं. हे सूत्र फ्रेंच गणिती लजांद्र यांच्या नावाने ओळखतात. यातून एक गंमत निघते. २४! च्या शेवटी ४ शून्यं, २५! च्या शेवटी थेट ६. शेवटी बरोब्बर ५ शून्यं असलेलं फॅक्टोरियलच नाही.

ही शून्यं मोजण्याची सवय संगणकावर फार उपयोगी पडते. ३२ बिटांच्या चिन्हासह पूर्णांकात सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. त्यात १२! मावतं, १३! मावत नाही. १३! आहे ६,२२,७०,२०,८००, पण प्रोग्रॅम छापतो १,९३,२०,५३,५०४. ना एरर, ना ऋण चिन्ह, एकदम सज्जन दिसणारा आकडा. १३! च्या शेवटी दोन शून्यं हवीत आणि या आकड्याच्या शेवटी आहे ४, एवढ्यावर चोर पकडला जातो. ६४ बिटांत २०! पर्यंत ठीक, २१! ला ऋण संख्या येते. तसंच पुढे जात राहिलात तर ६६! पासून उत्तर चक्क ०, कारण ६६! मध्ये २ हा अवयव ६४ वेळा येतो आणि ६४ बिट नुसत्या शून्यांनी भरून जातात. ३२ बिटांत हेच ३४! ला घडतं.

एक्सेलचं दुखणं वेगळं. ते १५ अंकांपर्यंतच नीट दाखवतं. २०! पर्यंत नशिबाने सगळं बरोबर दिसतं, कारण पुढचे अंक शून्यच असतात. २१! मात्र ५१०९०९४२१७१७०९४००००० असं दिसतं. शून्यं मोजा: पाच. असायला हवीत चार. खरा आकडा ५१०९०९४२१७१७०९४४००००. १७०! नंतर फॅक्ट हे फंक्शन हात वर करतं. नेहमीचे सायंटिफिक कॅल्क्युलेटर ६९! पर्यंतच जातात, कारण ७०! हे १० च्या १०० व्या घाताच्या पलीकडे जातं. पायथनमध्ये पूर्णांकाला अशी मर्यादा नाही, पण तिथेही निवडीचा आकडा हवा असेल तर तीन फॅक्टोरियल काढून भागण्यापेक्षा मॅथ मोड्यूलमधलं कॉम्ब वापरावं. स्वतः लिहीत असाल तर रिकर्शनमध्ये, म्हणजे फंक्शन स्वतःलाच पुन्हा बोलावतं तेव्हा, थांबायची अट ० वर ठेवा आणि ऋण संख्या आधीच परत पाठवा. थांबायची अट १ वर ठेवली की ०! विचारल्याबरोबर प्रोग्रॅम −१, −२ करत खाली घसरत जातो.

काटाकाट करूनही आकडा मोठाच राहिला तर? नाणं २००० वेळा उडवलं, बरोबर १००० छापे पडण्याची शक्यता किती? सूत्र सरळ आहे, २०००!/(१०००! × १०००!) भागिले २ चा २००० वा घात. पण यातली प्रत्येक संख्या एक्सेलच्या आवाक्याबाहेरची, अगदी निवडीचा आकडा काढणारं कॉम्बिन फंक्शनसुद्धा इथे हात टेकतं. इथे लॉग घ्यायचा. गुणाकाराच्या बेरजा होतात, भागाकाराच्या वजाबाक्या. एक्सेलमध्ये गॅमाएलएन नावाचं फंक्शन आहे. त्याला न + १ दिलं की न! चा नैसर्गिक लॉग मिळतो. म्हणून २००१ चा गॅमाएलएन, वजा १००१ च्या गॅमाएलएनची दुप्पट, वजा २ च्या लॉगची २००० पट. उत्तर साधारण −४.०२६, आणि त्याचा एक्स्प (नैसर्गिक लॉगची उलटी क्रिया) घेतला की ०.०१७८. म्हणजे पावणेदोन टक्क्यांहून किंचित जास्त. इथे न + १ ऐवजी न दिलं तर उत्तर चुकतं आणि चुकलंय हे दिसतही नाही, कारण गॅमा फंक्शन (फॅक्टोरियलचंच अपूर्णांकांनाही चालणारं रूप) एक घर सरकलेलं असतं: न दिलं की ते (न−१)! देतं.

हाताशी साधा कॅल्क्युलेटरच असेल तर स्टर्लिंगचं सूत्र आहे, १७३० चं. न! हे जवळजवळ (न भागिले ई) चा न वा घात, गुणिले २ × पाय (π) × न चं वर्गमूळ; ई म्हणजे सुमारे २.७१८ हा स्थिरांक. १०! साठी ते ३५,९८,६९६ देतं. खरं उत्तर ३६,२८,८००, म्हणजे एक टक्क्याहून कमी चूक. १ + १/(१२न) ने गुणलं की चूक शंभराच्या आकड्यात येते. १००! किती अंकी आहे हे यातून लगेच निघतं. १० च्या पायाचे लॉग घ्या: २०० − ४३.४२९ + १.३९९ = १५७.९७, म्हणून १५८ अंकी.

स्टर्लिंगच्या सूत्रात हा ई कुठून आला असं वाटेल, पण फॅक्टोरियल आणि ई यांची गाठ जुनी आहे. १ + १/१! + १/२! + १/३! असं १/१०! पर्यंत मिळवलंत की ई चे पहिले सात दशांश बरोबर येतात, छेद इतक्या झपाट्याने फुगतात. पाच पत्रं पाच पाकिटांत डोळे मिटून घातली आणि एकही आपल्या पाकिटात गेलं नाही, असे क्रम १२० पैकी ४४. भागलं तर ०.३६७, आणि १/ई आहे ०.३६८. पत्रं पन्नास घेतली तरी हा आकडा जवळजवळ हलत नाही.

राहता राहिला तो अपूर्णांकांचा प्रश्न. काही कॅल्क्युलेटरमध्ये २.५! दाबलं तर ३.३२३ येतं, कारण ते आतून गॅमा फंक्शन वापरतात. एक्सेलचं फॅक्ट दशांश छाटून २! म्हणजे २ देतं, आणि तसं केल्याचं सांगतही नाही.